साहेब फार गोड आहेत

'गाव तिथे एसटी' हे ब्रीद एसटीला कितपत पाळता आलं, हा वाद चालू राहील. 'ऑफिस तिथे सायको' हे मात्र आपण साध्य केलेलं आहे. रजा नामंजूर केली, सायको. रविवारी दुपारी पानं वाढलेली असताना ग्रुपवर 'अर्जंट' टाकलं, सायको. एसी अठरावर ठेवून स्वतः जाकीट घालून बसला, तर पक्काच सायको. ज्या निदानासाठी तज्ज्ञ माणसं तासन् तास मुलाखती घेतात, जुनी कागदपत्रं चाळतात, ते आपल्याकडे टपरीवर एका कटिंगमध्ये उरकतं. वर चहावाल्याचं सेकंड ओपिनियन फुकट.

या घाऊक वाटपात खरा माणूस सुटतो, एवढीच माझी तक्रार आहे.

आधी ओरडणाऱ्या साहेबाला बाजूला काढू. फाइल आपटणारा, कपाळाची शीर फुगलेला, 'तुम्हाला पगार कशाचा मिळतो?' हे अख्ख्या मजल्याला ऐकवणारा. माणूस उद्धट आहे, त्याला कुणीतरी सुनवायला हवं, आणि हाताखालच्या दोघाचौघांची ॲसिडिटी त्याच्या खात्यावर मांडायला हवी. पण संध्याकाळी हाच माणूस खजील चेहऱ्यानं टेबलापाशी घुटमळतो, 'जेवलास का रे?' विचारतो, कधी सगळ्यांना वडापाव मागवतो. माफी मागणं जिवावर येतं म्हणून तो वडापावाची आडवाट धरतो. आपण काय केलं, हे त्याला निदान कळतं. मला ज्याच्याबद्दल लिहायचं आहे तो ओरडत नाही. ओरडायला आधी राग यावा लागतो.

तो गोड असतो. त्याला तुमचा वाढदिवस पाठ असतो, मुलाची शाळा पाठ असते.

ओळखीतल्या एका बाईंची हकिगत सांगतो. कंपनी हिंजवडीतली, याहून जास्त सांगत नाही. तिथे इतक्या कंपन्या आहेत की वाचणाऱ्या प्रत्येकाला ती आपलीच वाटेल. शुक्रवार, संध्याकाळचे पावणेसात. बाई लॅपटॉप बॅगेत घालत होत्या, कंपनीची बस सुटायला आली होती. साहेब स्वतः उठून टेबलापाशी आले. 'दोन मिनिटं आहेत?' केबिनमध्ये बसवलं, ड्रॉवरमधून विमानतळावरचं चॉकलेट काढलं, वेष्टन स्वतः सोललं. 'आईच्या गुडघ्याचं काय ठरलं?' बाई चकित. लिफ्टमध्ये कधीतरी सहज बोलून गेल्या होत्या, आणि साहेबांच्या लक्षात! मग बाईंनी सगळं सांगून टाकलं. दोन्ही गुडघे बदलायचे आहेत, तारीख पुढच्या महिन्यातली, भाऊ बंगळूरला, आईला रात्री कळा येतात त्यामुळे यांचीही झोप नाही. साहेब मान हलवत ऐकत राहिले. मध्येच चष्मा काढून डोळे चोळले. 'काही लागलं तर मला फोन करायचा. रात्री दोनलासुद्धा.' बस चुकली, रिक्षाचे साडेतीनशे रुपये गेले, तरी बाईंनी रिक्षातून घरी फोन केला: आमचे साहेब फार गोड आहेत.

सोमवारी आढावा बैठक. वरचे दोघं पडद्यावर. साहेब म्हणाले, तिच्या घरी सध्या फार अडचण आहे. झोप होत नाही बिचारीची, तिनंच मला सांगितलं. अशा वेळी माणूस म्हणून आपणच तिचा भार कमी करायला हवा. जर्मनीच्या क्लायंटचं काम मी स्वतःकडे घेतो. वरच्या दोघांनी साहेबांच्या संवेदनशीलतेचं कौतुक केलं. बाई म्यूटवर होत्या. वर्षभर खपून उभं केलेलं काम चॉकलेटच्या दोन चौकोनांत गेलं. तक्रार करायची तरी काय? माझी काळजी घेतली, अशी? या सगळ्या प्रकारात चढ्या आवाजातला एक शब्द नाही, आणि खोटं म्हणून दाखवता येईल असं एक वाक्य नाही.

हा नमुना काचेच्या इमारतींनी जन्माला घातलेला नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातले मानसोपचारतज्ज्ञ हर्वे क्लेक्ली यांनी १९४१ साली 'द मास्क ऑफ सॅनिटी' हे पुस्तक लिहिलं. त्यांच्याकडे येणारे काही रुग्ण रुग्ण वाटायचेच नाहीत. बोलायला लाघवी, बुद्धीनं तल्लख, भ्रम नाही की भास नाही, आणि आतून ठणठणीत कोरडे. क्लेक्ली इस्पितळाशी थांबले नाहीत. इस्पितळाची पायरी कधीच न चढणारे, समाजात मानानं वावरणारे नमुनेही त्यांनी दिले: व्यापारी, सद्गृहस्थ, शास्त्रज्ञ, डॉक्टर आणि, प्रामाणिकपणाला दाद द्यायला हवी, मानसोपचारतज्ज्ञ. स्तंभलेखक त्या यादीत नाही, हे मी दोनदा तपासून घेतलं.

पुढे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी कैद्यांवर वर्षानुवर्षं काम करून २० कलमांची तपासणी-यादी केली. प्रत्येक कलमाला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण ४०. तिकडे ३० वर रेघ मारतात. वरवरचं लाघव, स्वतःबद्दल भव्य कल्पना, सराईत खोटेपणा, लोकांना वापरून घेणं, पश्चात्तापाचा अभाव, केल्याची जबाबदारी न घेणं, अशी ही कलमं. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं दिली आहेत, ती वाचताना प्रत्येकाला शेजारी आठवतो. हेअरची यादी वाचताना साहेब आठवतो. म्हणूनच ती यादी रीतसर शिकलेल्या माणसानंच वापरायची, समोर बसून मुलाखत घ्यायची आणि जुन्या कागदांशी ताडून बघायची, असा दंडक आहे. शिवाय अमेरिकेच्या मानसविकारांच्या अधिकृत पुस्तकात 'सायकोपॅथी' नावाचा स्वतंत्र आजारच नाही. तेव्हा रागाच्या भरात मेलमध्ये तो शब्द लिहू नका. साहेबाचं निदान सिद्ध होणार नाही, तुमचा उद्धटपणा मात्र लेखी सिद्ध होईल.

आता आकड्यांचं. 'दर पाच सीईओंमागे एक सायकोपॅथ' हा आकडा २०१६ पासून फोनाफोनी फिरतो आहे. तो ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या एका अभ्यासातून निघाला. त्यात तपासलेली माणसं सीईओ नव्हतीच, पुरवठा साखळीत काम करणारी व्यावसायिक मंडळी होती. पुढे तो निबंध मागेही घेतला गेला. निबंध मागे गेला, फॉरवर्ड पुढे गेला.

त्यापेक्षा बरा अभ्यास २०१० चा. पॉल बाबियाक, क्रेग न्यूमन आणि हेअर यांनी २०३ अधिकारी तपासले. कंपन्यांनी पुढच्या खुर्च्यांसाठी हेरून प्रशिक्षणाला धाडलेले हे लोक. त्यांतले शंभरात चारच्या आसपास लोक त्या ३० च्या रेघेवर किंवा पलीकडे निघाले. एरवी समाजात हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास धरतात. पण मला या चारापेक्षा पुढची गोष्ट जास्त झोंबली. ज्यांचे गुण जास्त, त्यांच्याबद्दल कंपनीच्याच दप्तरात काय शेरे होते? छाप पाडतात, कल्पक आहेत, दूरचं बघतात: झकास. जबाबदारी घेतात का, टीमला धरून राहतात का, प्रत्यक्षात काय पार पाडलं: खराब. म्हणजे हा माणूस कामाचा नाही, हे कंपनीला ठाऊक होतं. कंपनीनं ते लिहूनही ठेवलं होतं. आणि तरी त्याला बढतीच्या रांगेत पुढे उभं केलं होतं.

२०१९ साली लँडे, हार्म्स आणि क्रेडे या तिघांनी अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र मोजदाद केली. हे गुण असलेली माणसं खुर्चीपर्यंत पोचण्याची शक्यता किंचित जास्त, खुर्चीत बसून नीट काम करण्याची शक्यता किंचित कमी. आणि हे गुण पुरुषात दिसले तर खपतात, बाईत दिसले तर खटकतात. 'किंचित' हा शब्द दोन्हीकडे लक्षात ठेवण्यासारखा आहे. सिनेमातल्यासारखा अफाट बुद्धीचा खलनायक वगैरे काही नसतो. साधारण कुवतीचा माणूस असतो, फक्त लाज नसल्यामुळे त्याचा वेळ वाचतो.

मग 'आमचा साहेब सायकोपॅथ आहे का?' हा प्रश्न टपरीवरच सोडून देऊ. साहेबाच्या साहेबाला तो इतका का आवडतो, ते विचारू.

अल्बर्ट डनलॅप नावाचा एक अमेरिकन होता. नोकऱ्या सपासप कापतो म्हणून 'चेनसॉ अल', म्हणजे करवतवाला. छातीवर काडतुसांचे पट्टे, हातात पिस्तुलं, अशा थाटात त्यानं फोटोही काढून घेतला होता. १९९४ साली त्यानं टिश्यू पेपर बनवणारी स्कॉट पेपर ही जुनी कंपनी हाती घेतली, ११ हजार लोकांना घरी पाठवलं, पुढच्याच वर्षी कंपनी किम्बर्ली-क्लार्क या प्रतिस्पर्ध्याला विकली आणि स्वतः सुमारे १० कोटी डॉलर घेऊन बाहेर पडला. १९९६ च्या जुलैत मिक्सर, इस्त्र्या आणि बार्बेक्यूच्या शेगड्या बनवणाऱ्या सनबीमनं त्याला बोलावलं. नुसती नेमणुकीची बातमी फुटली आणि एका दिवसात शेअर जवळपास ५० टक्क्यांनी वर गेला. माणसानं अजून खुर्चीला बूड टेकलेलं नव्हतं. बाजाराला त्याची हिशेबाची हुशारी आवडली असं म्हणावं, तर हिशेब अजून उघडलाच नव्हता. आवडली ती करवत.

त्याच नोव्हेंबरात त्यानं जाहीर केलं की १२ हजारांतले निम्मे लोक जातील. टाळ्या. पुढे नफा हवा तसा दिसेना, तेव्हा सनबीमनं हिवाळ्यात शेगड्या विकल्या. अमेरिकेत बार्बेक्यूची शेगडी उन्हाळ्यात अंगणात पेटते. दुकानदारांना सांगितलं, आत्ताच घेतल्याचं दाखवा, सवलत देतो, पैसे मागाहून द्या, माल आम्ही गोदामात सांभाळतो. कागदावर विक्री झाली, कागदावर नफा झाला. शेगड्या आपल्या खोक्यात, गोदामात, बर्फ वितळायची वाट बघत. १९९८ च्या जूनमध्ये संचालक मंडळानं त्याला काढलं. २००१ च्या फेब्रुवारीत कंपनी दिवाळखोरीत गेली. २००२ साली अमेरिकेच्या रोखे आयोगाशी त्याची तडजोड झाली: आरोप मान्यही नाहीत, अमान्यही नाहीत, ५ लाख डॉलर भरायचे आणि पुन्हा शेअर बाजारातल्या कुठल्याही कंपनीचा अधिकारी व्हायचं नाही. १० कोटी घेऊन निघालेल्या माणसाला ५ लाख म्हणजे किती, हे त्रैराशिक वाचकांवर सोडतो.

ब्रिटिश पत्रकार जॉन रॉन्सन हेअरची यादी घेऊन या डनलॅपच्या फ्लोरिडातल्या घरी गेला होता. २०११ च्या 'द सायकोपॅथ टेस्ट' या पुस्तकात ती भेट आहे. घरभर हिंस्र प्राण्यांचे पुतळे. रॉन्सन एकेक कलम वाचत गेला आणि डनलॅप बऱ्याच कलमांना नेतृत्वगुण म्हणून स्वतःच्या खात्यात जमा करत गेला. माणसं वापरून घेणं? त्यालाच नेतृत्व म्हणतात. स्वतःबद्दल भव्य कल्पना? स्वतःवर विश्वास नको का माणसाचा? काही कलमांत तो बसलाही नाही. त्यामुळे रॉन्सननं छातीठोक शिक्का मारायचं टाळलं, ते बरं केलं. पण डनलॅपला हसण्याआधी आपल्याकडच्या नोकरीच्या जाहिराती वाचा. 'ॲग्रेसिव्ह' हवा, 'हंग्री' हवा, 'किलर इन्स्टिंक्ट' हवी. मागवायचा लांडगा, आणि मग कोंबड्या कमी झाल्या की चौकशी समिती नेमायची.

पुणेकरांना हे कळायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नव्हती. घाशीराम सावळदास पुण्याचा कोतवाल होता, नाना फडणवीसांच्या मर्जीतला. हेरांचं जाळं, वसुली, धाक. लोक बोंबलत होते आणि कोतवाली चालू होती, कारण वर सगळं छान चाललेलं दिसत होतं. १७९१ साली त्याच्या कोठडीत कोंडलेले वीसेक तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर बिथरलं, आणि अखेर त्याला जमावाच्या हाती दिलं गेलं. जमावानं दगडांनी ठेचला. तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली रंगमंचावर आलं, तेव्हा गदारोळ झाला तो घाशीरामाच्या चित्रणावरून नव्हे, नानांच्या. गदारोळ करणाऱ्यांना नाटक कळलं नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मला वाटतं, त्यांना ते अगदी नेमकं कळलं होतं.

हल्लीच्या कोतवालांना दगड मारत नाहीत. 'नव्या संधींच्या शोधात' त्यांना सहा महिन्यांच्या पगारासह निरोप देतात, आणि नाना त्या निरोपाच्या मेलवर सही करतात.

नानांनाच कठड्यात उभं करून दाखवलं फ्रान्सनं. फ्रान्स टेलिकॉमला २२ हजार लोक कमी करायचे होते. बऱ्याच जणांना सरकारी नोकरांसारखं संरक्षण, काढता येईना. मग बदल्या, हुद्दे उतरवणं, काम काढून घेणं सुरू झालं. लोक दारानं जातील नाहीतर खिडकीनं, अशा अर्थाचं कंपनीचे प्रमुख दिदिए लोंबार २००६ साली आपल्या अधिकाऱ्यांपुढे बोलून गेले. २००८ आणि २००९ या दोन वर्षांत तिथल्या ३० हून जास्त कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं लोंबार आणि इतर वरिष्ठांना धोरण म्हणून केलेल्या मानसिक छळासाठी दोषी ठरवलं. कंपनीला ७५ हजार युरो दंड झाला. अपिलात लोंबार यांना झालेला तुरुंगवास स्थगित झाला, पण दोष राहिला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही तो कायम केला. या निकालासाठी कुणाच्या मेंदूत डोकवावं लागलं नाही की कुणाला ४० पैकी गुण द्यावे लागले नाहीत. धोरणाचे कागद पुरले.

आपल्याकडे? लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची. पण बैठकीची बदललेली वेळ एकट्या तुम्हालाच न कळणं, तुमच्या सादरीकरणावर दुसऱ्याचं नाव येणं, आईच्या गुडघ्यावरून जर्मनीचा क्लायंट जाणं, यासाठी वेगळा कायदा नाही. महाराष्ट्रात १९७१ साली अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा कायदा झाला. सूडापोटी कामावरून काढणं, वाईट हेतूनं बदली करणं, हे त्यानं अनुचित ठरवलं. पण ती छत्री कामगारांसाठी. व्हिजिटिंग कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' आलं त्या दिवशी आपण कार्डाचा फोटो स्टेटसला ठेवला, आणि बहुतेक त्याच दिवशी छत्रीबाहेर पडलो. कोर्ट हुद्द्याकडे नाही, कामाच्या स्वरूपाकडे बघतं, हे खरं. पण घराचा हप्ता चालू असताना कोर्टाची पायरी चढणार कोण?

उरतो तो एकच मराठमोळा उपाय, आणि तो आपण ज्याची आयुष्यभर टिंगल करतो त्या सरकारी कारकुनाकडे आहे. 'साहेब, लेखी द्या.' केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत हे चक्क लिहिलेलं आहे: वरिष्ठानं आदेश शक्यतो लेखी द्यावा, तोंडी द्यावा लागलाच तर मागाहून लेखी पक्का करावा, आणि हाताखालच्यानं तसं मागून घ्यावं. त्या कारकुनाला छापील नियमाचा आधार आहे. हिंजवडीच्या बाईंना नाही, म्हणून त्यांनी मेल लिहायचा. 'सर, आत्ताच्या बोलण्यानुसार जर्मनीचं काम मी आजपासून तुमच्याकडे सोपवत आहे. आतापर्यंत झालेल्या कामाची यादी सोबत आहे. माझ्याकडून काही चुकीचं समजलं गेलं असेल तर कळवावं.' बस. यात रडगाणं नाही, आरोप नाही. ओरडणारा साहेब या मेलला उलट मेल करून आणखी ओरडतो. गोड साहेब उत्तर देत नाही. तो उठून पुन्हा टेबलापाशी येतो आणि म्हणतो, 'अगं, आपल्यात मेल कशाला?' हे ऐकू आलं की हेअरची यादी घरी विसरली तरी चालेल.

प्रत ठेवायचीच. आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला म्हणतात तो लेखी कागदावरच. फक्त कंपनीची कागदपत्रं स्वतःच्या खासगी मेलवर ढकलू नका. गोपनीयतेच्या नियमाखाली तुम्हीच बाहेर जाल, आणि साहेब तुमच्या निरोपाला चष्मा काढून डोळे चोळतील. तारखा, वेळ, कोण हजर होतं, काय ठरलं, एवढं घरच्या वहीत आपल्या अक्षरात पुरे.

घरचं बोलायचं नाही. गुडघा नाही, बायपास नाही, मुलाचा बारावीचा निकाल नाही, आणि हप्ता तर मुळीच नाही. तुम्हाला नोकरी सोडणं परवडत नाही, ही बातमी त्याला आयती देऊ नका. त्यानं विचारलंच तर वाकड चौकातल्या ट्रॅफिकवर बोला. तो विषय आपल्या हयातीत संपणार नाही.

त्याला भावना समजावत बसायचं नाही. 'सर, मला फार वाईट वाटलं' हे बाकीच्या माणसांना सांगायचं वाक्य आहे. त्याला ते उपयुक्त माहिती म्हणून मिळतं: अच्छा, हिला इथे दुखतं होय!

आणि एचआर. जरूर जा, पण एकट्यानं जाऊ नका. कंपनीला खटल्यापासून सांभाळणं हे त्या खात्याचं काम आहे, त्यात तुमचं भलं झालं तर तो योगायोग. एकट्या माणसाची तक्रार 'स्वभाव जुळत नाहीत' या सदरात जाते. तिघांच्या जुळणाऱ्या तारखा असल्या की मात्र एचआरला वकील आठवतो. हे तिघं सापडतात कुठे? टपरीवरच. तिथे निदान करण्यात घालवलेला वेळ तारखा जुळवण्यात घालवावा. अशा एका ऑफिसात तिघांनी ताळा केला, तर तिघांनाही एकच बढती कबूल केलेली निघाली, आणि तिघांनाही वर सांगितलेलं: 'सध्या हे आपल्या दोघांतच राहू दे.' गोड माणूस प्रत्येकाशी वेगळं बोलतो, म्हणून त्याला गटानं चहा प्यायलेला खपत नाही. टीमच्या सहलीला उत्साहानं पैसे देणारा साहेब चारच्या चहाला कटकट का करतो, याचं कोडं मला बरीच वर्षं होतं.

निघता येत असेल तर निघावं. 'पळपुटेपणा' वगैरे शब्द त्या मजल्यावर न बसणाऱ्यांनी काढलेले आहेत.

पण नाना? त्यांच्यासाठी डनलॅपची एक गोष्ट राखून ठेवली होती. २००१ च्या जुलैत, म्हणजे सनबीम बुडाल्यावर, 'न्यूयॉर्क टाइम्स'नं छापलं की १९७० च्या दशकात याच माणसाला दोन कंपन्यांनी काढून टाकलं होतं. एकीनं सात आठवड्यांत. दुसरी नायटेक नावाची कागद कंपनी, आणि तिथला आरोप काय, तर नफा फुगवून दाखवला. वीस वर्षं आधी, तोच प्रयोग. बायोडेटात दोन्ही नोकऱ्या गायब होत्या, आणि बडे अधिकारी हुडकून देण्याचे गलेलठ्ठ पैसे घेणाऱ्या संस्थांनाही त्या मोकळ्या जागा दिसल्या नाहीत.

आपल्याकडे मुलीसाठी स्थळ बघताना मुलाच्या कॉलेजातल्या मित्रापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत चौकशी होते. गाडी स्वतःची की कर्जाची, दारू नक्की कधीकधीच का, आत्या मध्यस्थी करून सगळं काढते. वर्षाला दोन कोटी द्यायचा व्हाइस प्रेसिडेंट घेताना मात्र त्यानंच दिलेल्या दोन नंबरांवर फोन लावतात. त्याच्या जुन्या ड्रायव्हरला कुणी विचारत नाही. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारत नाही. त्याच्या हाताखालून वर्षभरात उठून गेलेल्या माणसांची यादी मागत नाही, हे सगळे लोक चहाच्या एका कपात खरं सांगतील तरीही.

आणि ते दोन नंबर? त्यांतला एक जुन्या कंपनीतल्या नानांचा असतो. नाना फोनवर भरभरून बोलतात. मोठा गुणी माणूस, सोडवत नव्हता, पण त्याच्या प्रगतीच्या आड कसं यायचं? वर कंपनीच्या लेटरहेडवर दोन पानी प्रशस्तिपत्र. ते टाइप करायला बसलेल्या एचआरच्या मुलीनं विचारलं म्हणे, 'सर, एवढं लिहायचं?' नाना म्हणाले, 'अजून दोन ओळी घाल. नेला पाहिजे ना त्यांनी.'